मदतीचा पैसा कोणाच्या हाती?



'कशाला?' हा तसा साधा शब्द. दिवसातून दहा वेळा आपण तो वापरतो. पण एकदा तो माझ्या तोंडून अशा ठिकाणी निघाला की त्याची टोचणी अजून गेलेली नाही. म्हणून हा लेख.

2011 साली माझ्या आत्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणे जड झाले, बुद्धी मात्र शाबूत होती. आत्याला मूलबाळ नव्हते. तिचे यजमान श्रीरामपूरकडून वागळे इस्टेटमध्ये नोकरीला आले, पंचवीस वर्षे एका कारखान्यात राबले. पुढे तो कारखाना बंद पडला आणि काही वर्षांनी तेही देवाघरी गेले. मागे राहिली किसन नगरातली एक खोली आणि विधवेचे तुटपुंजे पेन्शन. आम्ही चार भाचे. प्रत्येकाने दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, ब्युरोची बाई ठेवायची आणि हिशेब मी सांभाळायचा, असे ठरले. मी आयुष्यभर कंपनीच्या स्टोअरमध्ये काम केलेला माणूस. व्हाउचरशिवाय खिळाही बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही माझी सवय. वही घातली, पाने आखली. आत्याच्या पेन्शनचे एटीएम कार्ड माझ्या पाकिटात आले आणि तिचे पैसे आमच्या वर्गणीत मिसळले. पावडर, डायपर, औषधे, बाईचा पगार, सगळे वेळेवर. आत्याला काही कमी पडू दिले नाही, असे मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे.

एके दिवशी आत्या म्हणाली, "मला तीनशे रुपये दे." मी वहीतून मान वर न करता विचारले, "कशाला?"

ती काही बोलली नाही. मीही विसरून गेलो.

दोन वर्षांनी शेजारच्या बाईंनी बोलता बोलता सांगितले. त्या दिवसांत यजमानांची पुण्यतिथी होती. आत्याला त्यांच्यासाठी मिस्सा सांगायची होती आणि वरून थोडे दानपेटीत टाकायचे होते. त्या बाई तिला म्हणाल्या होत्या, "अहो, भाच्याला सांगा की, तो नाही म्हणायचा नाही." त्यावर आत्या म्हणाली होती, "तो देईलच. पण मग ती मिस्सा त्याची झाली ना. माझी कुठे राहिली?"

लक्षात घ्या, ते पैसे माझे नव्हतेच. तिच्या नवऱ्याच्या घामाचे होते. मी एक पैसाही खाल्लेला नव्हता. माझी वही आजही कोणीही तपासावी. तरीही तिच्याकडून मी काहीतरी काढून घेतले होते, आणि ते वहीच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

प्रश्न असा आहे: जो माणूस उठण्याबसण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून आहे, त्याच्या मदतीसाठी जो पैसा बाजूला काढला जातो, तो कसा खर्च व्हावा हे कोणी ठरवायचे? देणाऱ्याने? सेवा करणाऱ्याने? की ज्याच्यासाठी तो आहे त्याने?

एका आश्रमातील रहिवासी

हा प्रश्न फक्त आपल्या घरातला नाही. इंग्लंडमध्ये या एका प्रश्नावर कायदे झाले आहेत. त्याची सुरुवात आपल्याला जवळची वाटावी अशा ठिकाणी झाली.

लेनर्ड चेशायर हे दुसऱ्या महायुद्धातील नावाजलेले वैमानिक. युद्धानंतर 1948 साली त्यांनी हॅम्पशायर परगण्यातील ली कोर्ट नावाच्या घरात एका मरणासन्न माणसाची स्वतः शुश्रूषा केली. त्याच वर्षी ते कॅथलिक झाले. त्यातून चेशायर होम्स उभी राहिली. 1950च्या दशकात ते भारतात आले आणि आपल्या देशातील पहिले चेशायर होम मुंबईत अंधेरीला सुरू झाले. चांगल्या मनाने उभारलेले असे ते काम होते, याबद्दल कोणाला शंका नसावी.

पण 1979 साली त्याच ली कोर्टमधील काही अपंग रहिवासी एकत्र आले. त्यांना तेथे अन्न मिळत होते, अंथरूण मिळत होते, शुश्रूषाही मिळत होती. त्यांची मागणी वेगळी होती. आमच्यावर संस्थेत जो खर्च होतो तो आमच्या हातात द्या, आम्ही बाहेर आपल्या घरात राहू आणि मदतनीस स्वतः निवडू, असे ते म्हणत होते. 1981 हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते, म्हणून त्यांनी आपल्या प्रयत्नाला 'प्रोजेक्ट 81' असे नाव दिले. सरकारने गरजूला सेवेऐवजी रोख पैसे देण्यास तेव्हा कायद्याची आडकाठी होती. त्यामुळे सुरुवातीला पैसे मधल्या संस्थेमार्फत फिरवून द्यावे लागले.

हे वाचून एखाद्याच्या मनात येईल, की किती कृतघ्न माणसे! मलाही प्रथम तसेच वाटले. मग आत्या आठवली. रात्री किती वाजता झोपायचे, सकाळी अंगाला कोणाचा हात लागायचा, जेवणात आज काय, दार केव्हा उघडायचे, हे सारे आयुष्यभर दुसऱ्याने ठरवायचे. त्या 'दुसऱ्या'चे मन कितीही चांगले असले तरी त्यात माणूस हळूहळू सामानासारखा होतो. सामानाची निगा राखतात, त्याला विचारत नाहीत.

तिथे ही व्यवस्था कशी चालते

1996 साली इंग्लंडमध्ये रोख देण्याला परवानगी देणारा कायदा झाला. प्रथम ती सोय पासष्ट वर्षांखालील प्रौढांना होती, 2000 साली ती वृद्धांनाही लागू झाली. पुढे 2014चा केअर अॅक्ट आला. एप्रिल 2015 पासून, ज्याच्या सेवेची जबाबदारी कौन्सिल घेते अशा प्रत्येकाच्या नावे 'पर्सनल बजेट', म्हणजे त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावाचे अंदाजपत्रक, ठरवणे बंधनकारक झाले. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली, भाचरे तिकडे नर्सिंग आणि केअरच्या कामाला गेली आहेत. त्यांच्या तोंडी हे शब्द रोजचे आहेत. म्हणून थोडक्यात समजून घेऊ.

पहिली पायरी गरजेची. कौन्सिलचा माणूस घरी येऊन विचारतो, की तुम्हाला कोणत्या गोष्टी जमत नाहीत? खाणेपिणे, अंघोळ, शौचाला जाणे, कपडे घालणे, घर राहण्याजोगे ठेवणे अशी दहा बाबींची यादी आहे. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे त्यांतील निदान दोन बाबी जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर तो माणूस पात्र ठरतो. या यादीत नातेसंबंध टिकवणे आणि गावातल्या, समाजातल्या ठिकाणी जाता येणे याही बाबी आहेत. आपल्या यादीत डायपर असतो, एकटेपणा नसतो.

दुसरी पायरी पैशाची. ही सेवा तिकडच्या सरकारी दवाखान्यासारखी सर्वांना फुकट नाही. ज्याच्याकडे 23,250 पौंडांपेक्षा जास्त बचत आहे त्याने साधारणपणे सगळा खर्च स्वतः करायचा. 14,250 पौंडांच्या खाली असेल तर बचतीला हात लावत नाहीत, मात्र उत्पन्न पाहून काही वाटा मागतात. घरीच राहून सेवा घेणाऱ्याच्या राहत्या घराची किंमत यात धरत नाहीत.

तिसरी पायरी आकड्याची. गरजा भागवायला एकूण किती लागतील, त्यांतले त्या व्यक्तीने किती द्यायचे आणि कौन्सिलने किती, हे तीन आकडे लिहून त्या माणसाला सांगावे लागतात. मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्यावर किती खर्च होतो हे आमच्या आत्याला कधीच माहीत नव्हते. फक्त 'खूप होतो' एवढे आमच्या चेहऱ्यांवरून तिला कळत होते.

चौथी पायरी निवडीची. पैसा कौन्सिलने सांभाळावा, एखाद्या संस्थेकडे ठेवावा की थेट आपल्या खात्यात घ्यावा, हे ती व्यक्ती ठरवते. थोडे इकडे, थोडे तिकडे असेही चालते. थेट घेतला तर मदतनीस स्वतः ठेवता येतो. पण मग आपण मालक होतो: पगार, रजा, विमा, कागदपत्रे, सगळे आपल्याकडे. हिशेब दाखवावा लागतो आणि ठरलेल्या गरजांसाठीच खर्च करावा लागतो. एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला यातून पगार सहसा देता येत नाही. शेवटची पायरी फेरतपासणीची. ती साधारण वर्षातून एकदा होते, कारण माणसाची गरज बदलत राहते.

ही व्यवस्था म्हणजे नंदनवन आहे असे समजू नका. कौन्सिलांकडे पैसा अपुरा पडतो, आकडा आखडता लिहिला जातो, चांगला मदतनीस मिळत नाही. थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला मालकपणाची कागदपत्रे हे नवेच ओझे वाटते. 'मला निवड नको, फक्त वेळेवर कोणीतरी येऊ द्या,' असे म्हणणारेही तिकडे आहेत, आणि त्यांचे म्हणणेही खोटे नाही.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. पण तिचे तुकडे आहेत, आणि ते आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत पोहोचलेले आहेत.

संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या राज्यात 1980 पासून आहे. पासष्ट वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. 2023 पासून या योजनांत महिन्याला 1,500 रुपये मिळतात. 2025 साली दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम 2,500 रुपये करण्यात आली. पैसे थेट बँक खात्यात येतात आणि ते कशावर खर्च केले हे कोणी विचारत नाही. औषध घ्या, तांदूळ घ्या, नाही तर मिस्सा सांगा. या बाबतीत आपले सरकार इंग्लंडच्याही पुढे गेले, असे गमतीने म्हणता येईल. पण गंमत तिथेच संपते. या रकमेत ब्युरोची बाई महिनाभर सोडाच, थोडे दिवससुद्धा येणार नाही. निवड करायला मोकळीक आहे, निवड करण्यापुरते पैसे नाहीत. शिवाय निराधार ठरण्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा 50,000 आहे. याहून किंचित वर असलेला माणूस ना निराधार, ना आधार असलेला.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 साली सुरू झाली. तिच्यात गरीब वृद्धांना शिबिरात बोलावून, तपासून काठी, वॉकर, कानाचे यंत्र, व्हीलचेअर अशा वस्तू दिल्या जातात. 2024 साली महाराष्ट्राने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत आहे अशा पासष्ट वर्षांवरील व्यक्तीच्या खात्यात एकदाच 3,000 रुपये जमा करायचे आणि चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा यांपैकी जे लागेल ते त्या व्यक्तीने स्वतः घ्यायचे. गरज तीच, म्हातारपण तेच. एका योजनेत वस्तू मिळते, दुसरीत पैसा. मात्र त्या पैशाबरोबर एक अटही आली. खरेदीचे बिल तीस दिवसांच्या आत सादर व्हायला हवे, नाही तर रक्कम वसूल होऊ शकते.

आपल्या मनातला गोंधळ यात नेमका उमटला आहे. शिबिरात मिळालेला वॉकर कित्येक घरांत माळ्यावर पडून असतो, कारण चाळीच्या दारात तो वळतच नाही. त्या माणसाला विचारले असते तर त्याने कमोड खुर्ची मागितली असती. म्हणून पैसे हातात दिले. पण हातात देताना विश्वास पुरेना, म्हणून तीस दिवसांचे बिल मागितले. सरकारच्या जागी मी असतो तर मीही मागितले असते. तो 'कशाला?' माझाच आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने, ज्यांना मोठ्या प्रमाणावर आधार लागतो अशा व्यक्तींसाठी मंडळाकडून गरज तपासून घेण्याची तरतूद केली आहे, आणि सामाजिक सुरक्षेच्या यादीत अशा व्यक्तींसाठी सेवा करणाऱ्याचा भत्ताही नमूद केला आहे. म्हणजे बीज आपल्या कायद्यातही पडलेले आहे. ते उगवून घराघरांत कधी येईल हे आपल्या मागणीवर अवलंबून आहे. मागणी करायची तर आधी अशी तरतूद आहे हे माहीत हवे, म्हणून येथे लिहिले.

विश्वास ठेवावा तर फसवणूक

आता दुसरी बाजू. मिस्सेची गोष्ट कळल्यावर मी आत्याचे कार्ड तिला परत केले. पेन्शन वेगळे काढून तिच्या बटव्यात ठेवू लागलो. आमची वर्गणी किती जमते आणि कुठे जाते हेही तिला दर महिन्याला वाचून दाखवू लागलो. पहिला बदल तिने केला तो बाईच्या वेळेत. दुपारची बाई सकाळी लवकर हवी म्हणाली, कारण दुपारी चाळीत वर्दळ असते आणि मोरीला नुसता पडदा आहे. दोन वर्षे तिची अंघोळ भरदुपारी होत होती. आमच्यापैकी एकाही पुरुषाच्या हे लक्षात आले नव्हते. सप्टेंबरमध्ये आणखी दोघींबरोबर गाडी करून ती हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला गेली, मागच्या सीटवर आडवी होऊन. डॉक्टरांनी नको म्हटले होते. परत आली ती थकून, पण आठ दिवस तिचे तोंड बंद नव्हते.

मग एका महिन्यात दारावर आलेल्या एका माणसाने पक्षाघातावर रामबाण म्हणून तेलाची बाटली तिच्या गळ्यात मारली आणि नऊशे रुपये घेऊन गेला. धाकटा भाऊ माझ्यावर संतापला: "म्हणून सांगत होतो, पैसे तिच्या हाती देऊ नकोस." आत्या दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझेच गेले ना?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आपण धडधाकट माणसे आयुष्यात किती वेळा फसतो? चिटफंडात, प्लॉटमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये. आपले पाकीट कोणी काढून घेत नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस एकदा फसला की लगेच त्याची चूक सर्वांच्या तोंडी होते आणि त्याचा अधिकार जातो. चूक करण्याचा अधिकार फक्त चालत्या-फिरत्या माणसांनाच आहे काय?

तरीही धाकट्याचे म्हणणे मी उडवून लावत नाही. नऊशेऐवजी नऊ हजार गेले असते तर? घरातलाच कोणी व्यसनी असेल आणि म्हातारीचा बटवा त्याच्या हाती लागत असेल तर? ज्याची स्मृतीच गेली आहे, सकाळी जेवल्याचे ज्याला दुपारी आठवत नाही, त्याच्या हातात पैसा देणे म्हणजे जबाबदारी झटकणे नव्हे काय? 'तुझे तू बघ' हे वाक्य कधी आदराचे असते, तर कधी निव्वळ आळसाचे. खात्यात पैसे टाकले, आपले काम झाले, असे म्हणणारा परदेशातला मुलगा आणि पै-पैचा जाब विचारणारा इथला भाचा या दोघांपैकी कोण अधिक प्रेम करतो, हे सांगणे सोपे नाही.

यावर आपल्या कायद्यात एक चांगली वाट आहे. दिव्यांग हक्क कायद्यात 'मर्यादित पालकत्व' सांगितले आहे. ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक काळापुरता पालक नेमायचा आणि त्याने त्या व्यक्तीच्या जागी बसून नव्हे, तर तिच्याबरोबर, तिची इच्छा जाणून, एकमेकांच्या विश्वासाने निर्णय घ्यायचा. सगळे अधिकार एकदम काढून घेऊ नयेत आणि सगळे एकदम अंगावरही टाकू नयेत. 1931 साली पोप पायस अकरावे यांनी आपल्या विश्वपत्रात समाजासाठी जे तत्त्व मांडले, ते याच जातीचे आहे. जे लहान घटकाला स्वतः जमते ते मोठ्याने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय आहे, मोठ्याने मदतीला उभे राहावे. सरकार आणि गाव यांच्याबद्दल हे सांगितले होते. मला ते भाचा आणि आत्या यांच्याबद्दलही खरे वाटते.

दोन आंधळ्या वाटा आणि एक प्रश्न

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आपल्याला पाठ आहे. पण त्याच्या पैशाच्या व्यवहाराकडे आपण क्वचित पाहतो. त्याने दोन दिनार जखमी माणसाच्या हातात दिले नाहीत, उतारशाळेच्या मालकाला दिले, कारण तो माणूस अर्धमेला होता. मालकाकडून त्याने पावतीचे वचन घेतले नाही. अधिक लागले तर परत येताना देईन, असे मात्र सांगितले. जेव्हा माणूस स्वतः ठरवूच शकत नाही, तेव्हा काय करावे याचा हा धडा आहे: सेवा करणाऱ्यावर विश्वास, गरजेप्रमाणे रक्कम, आणि मुख्य म्हणजे पुन्हा येऊन पाहणे. ज्याला तिकडे फेरतपासणी म्हणतात ती हीच.

पण यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडत होता, तेव्हा प्रभूने वेगळे केले. तो आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होते. त्याला काय हवे असणार हे लहान मूलही सांगू शकले असते. तरीही प्रभूने त्याला जवळ बोलावून, आपण त्याच्यासाठी काय करावे अशी त्याची इच्छा आहे, हे आधी विचारले. ज्याच्या तोंडात शब्द आहेत त्याला विचारल्यावाचून बरेही करायचे नाही. चमत्कार करणारा थांबून विचारतो, आणि वही सांभाळणारा मी विचारले ते काय, तर 'कशाला?' दोन्ही प्रश्नच. एका प्रश्नात समोरच्याची इच्छा मोठी होते, दुसऱ्यात ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

संत लॉरेन्स रोममध्ये ख्रिस्तसभेच्या पैशाचा कारभार पाहत होते. इ. स. 258 मध्ये अधिकाऱ्याने ख्रिस्तसभेचा खजिना मागितला, तेव्हा त्यांनी होते ते सारे वाटून टाकले आणि गोरगरीब, आंधळे-पांगळे यांनाच खजिना म्हणून पुढे उभे केले, अशी परंपरा आहे. आपण ही गोष्ट 10 ऑगस्टला ऐकतो आणि गरिबांना द्यावे एवढा अर्थ काढतो. मला तिच्यात आणखी एक अर्थ दिसतो. खजिन्यावर आपण पैसा खर्च करतो खरा, पण खजिन्यालाच 'तू आमच्यावर ओझे आहेस' असे कोणी म्हणत नाही.

आपल्या घरासाठी

तात्पर्य सांगण्याचा मला अधिकार नाही, कारण माझी चूक दुरुस्त झाली ती उशिरा. आत्या 2019 साली गेली. पण ज्यांच्या घरी आज कोणी अंथरुणाला आहे, त्यांच्यासमोर चार गोष्टी ठेवतो.

पहिली, त्या व्यक्तीचे स्वतःचे जे काही आहे, पेन्शन असो, अनुदान असो, भाडे असो, ते घरखर्चात मिसळू नका. वेगळे ठेवा आणि तिचे म्हणा. वयोश्रीचे बिल लागते ते आपण धावपळ करून जपून ठेवावे, पण वस्तू तिलाच निवडू द्यावी.

दुसरी, एकूण किती खर्च होतो आणि कोण किती देतो हे तिला सांगा. लपवल्याने ओझे कमी होत नाही, उलट अंदाजाने वाढते.

तिसरी, छोटी का होईना, अशी एक रक्कम ठेवा जिच्याबद्दल कोणी काही विचारणार नाही. पन्नास रुपये असले तरी चालतील. नातवाला चॉकलेट, दानपेटीत नाणे, नाही तर फुकटचे तेल. देण्याची ऐपत संपली की माणूस आधीच अर्धा संपतो. आपण त्याला खाऊ घालतो आणि त्याचा देण्याचा हात बांधून ठेवतो.

चौथी गोष्ट धर्मग्रामासाठी. विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद 1833 पासून जगभर घरोघरी जाऊन भेट देतात. नुसते पाकीट पाठवून देत नाहीत. आपल्याकडेही सणाला रेशनच्या पिशव्या भरल्या जातात. त्या भरण्याआधी एका घरी जाऊन विचारून पाहू या, की पिशवीच हवी आहे, की त्या किमतीत औषधाचे बिल, की तहसील कार्यालयात हयातीचा दाखला द्यायला रिक्षाने नेऊन आणणारा कोणी? कदाचित पिशवीच हवी असेल. मग पिशवी द्यावी. पण विचारून द्यावी.

शेजारच्या बाईंनी मला ती गोष्ट सांगितली, त्याच्या पुढच्या पुण्यतिथीला आत्याने बटव्यातून पैसे काढून मिस्सा सांगितली. मी तिला व्हीलचेअरवरून चर्चमध्ये घेऊन गेलो. धर्मगुरूंनी यजमानांचे नाव वाचले. घरी परतताना तिने बटवा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "रिक्षाचे मी देते." मी नको म्हणणार होतो. मग गप्प बसलो आणि तिला देऊ दिले.